नदी कोणत्या खात्याची, साहेब?

मा. मंत्रिमहोदय यांस,
सप्रेम नमस्कार.

आपलं खातं मुद्दाम लिहिलेलं नाही, कारण पुढे येईलच.

पक्षी सप्ताहात आपण भिलवडीला आमच्या कृष्णेच्या घाटावर आलात. चितमपल्लींचा 5 नोव्हेंबर ते सलीम अलींचा 12 नोव्हेंबर, या दोन पक्षीअभ्यासकांच्या जन्मदिवसांमधला तो आठवडा. माझी दुर्बीण आपण उलटी धरलीत आणि "फारच लांब आहे हो" म्हणालात. कुणी हसलं नाही; पाहुणे होता. मग माइकवरून शब्द दिलात: थंडीतल्या गरुडदर्शनाच्या फेऱ्यांना आठ दिवसांत परवाना, शिवाय छोटा धक्का. टाळ्या आम्हीच वाजवल्या, आमचीच चूक.

गेल्या रविवारी पहाटे सहाला पुण्याहून आलेली बावीस माणसं घाटावर कुडकुडत उभी आणि माझ्या नावेला नोटीस: विनापरवाना प्रवासी वाहतूक. सगळ्यांना चहा पाजला, पैसे परत केले. नेमका तेव्हाच पलीकडच्या वाळक्या बाभळीवर कैकर बसलेला. पाहुण्यांना आम्ही मासेमार गरुड सांगतो, तेवढीच वट. उडाला, पाण्यावर थबकला, पाय पुढे करून असा कोसळला की फवारा उडाला. वर आला तो पंजात मासा घेऊन, आणि उडता उडताच त्यानं माशाचं डोकं पुढे, उडण्याच्या दिशेला वळवून घेतलं. त्याच्या तळव्याला बारीक काटे असतात आणि बाहेरचं बोट मागे फिरतं, म्हणून निसटता मासा सापडतो. हे मी नावेत बसवून सांगतो, त्या दिवशी पायरीवर उभं राहून सांगितलं. हा पक्षी दर हिवाळ्यात पार उत्तरेतून येतो, त्याला अजून कुणी कागद मागितलेला नाही.

परवान्यासाठी मी अकरा हेलपाटे घातले. पाणी एका खात्याचं, पक्षी दुसऱ्याचे, काठ महसूलचा आणि नाव म्हणे समुद्र सांभाळणाऱ्या मंडळाची. सांगली जिल्ह्यात समुद्र! एका साहेबांनी विचारलं, "मगरीनं धरलं तर जबाबदार कोण?" रास्त प्रश्न आहे, मगरी आहेतच. पण रात्री वाळू उपसणाऱ्या बोटींना त्या बहुधा ओळखत असाव्यात.

माझं सांगतो. 2019 च्या पुरात जुनी लाकडी नाव गेली, घरात आढ्यापर्यंत पाणी. त्याच पुरात जवळच्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली, ते आम्ही विसरलेलो नाही. म्हणून नवी नाव घेताना आधी लाइफ जॅकेट घेतली, चोवीस. त्यासाठी बायकोच्या पाटल्या बँकेत गेल्या, त्या अजून तिथंच आहेत. हा हंगाम गेला तर माझ्या हिशेबानं नव्वद हजार बुडाले. ती म्हणते सत्तर. वीस हजारांवरून घरात भांडण, ते वेगळंच. थोरला पुण्यात डिलिव्हरीचं काम करतो. फोनवर विचारतो, "गरुड काय म्हणतोय?" मी विषय बदलतो.

कैकर जवळजवळ फक्त मासेच खातो, साहेब. 2023 च्या मार्चमध्ये याच कृष्णेत अंकलीजवळ मेलेल्या माशांचा खच पडला होता, ते आपण वाचलंच असेल. नदीत घाण सोडायला कोणता अर्ज लागतो, कुठल्या टेबलावर द्यायचा, तेवढं कळवा. मला परवान्याच्या रांगेचा सराव झालाय. आणि नुसते तुम्हीच नाही. तुमच्या आधीचे आले, ते फेटा बांधून गेले. कारखान्याला, पुलाला, पुतळ्याला तुमच्याकडे एका दुपारीत सही होते. चौदा माणसं बसवून पक्षी दाखवणारा मात्र तुम्हाला गुन्हेगार दिसतो. मतं चौदाच म्हणून?

मागणं दोनच. परवाना द्या, नाहीतर "देणार नाही" असं लिहून द्या. मार्च आला की कैकर निघून जाईल.

आपला,
भिलवडीचा एक नाववाला

ता. क. त्या दिवशी माझी दुर्बीण आपल्या स्वीय सहायकांच्या गळ्यात राहिली. डाव्या भिंगाजवळ लाल चिकटपट्टी आहे. पाठवून द्यावी, टपालखर्च मी देईन.