खाक्या दाखवताच म्हणजे नक्की काय हो?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमचा पेपर आमच्याकडं वडलांच्या काळापासनं येतोय, म्हणून जरा हक्कानं लिहितोय, राग मानू नका. तुमच्या क्राइमच्या पानावर एक वाक्य ठरलेलंच असतं, 'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली'. मी पण इतकी वर्षं चहा पिता पिता ते वाचायचो आणि बरं झालं सापडला म्हणून पान उलटायचो. हा खाक्या म्हणजे नक्की काय दाखवतात ते मला मागच्या पावसाळ्यात कळलं.

माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे, सांगली-तासगाव रोडला. माझ्याकडं एक पोरगं कामाला आहे, १९ वर्षांचं, नाव नको त्याचं. एका गुरुवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला साध्या कपड्यातली दोघं आली, 'चल जरा, साहेबांनी बोलवलंय, पाच मिनिटांत सोडतो' म्हणाली आणि त्याला मध्ये बसवून ट्रिपल सीट घेऊन गेली. (हेल्मेट तिघांनाही नव्हतं, ते जाऊ दे.) चोरीच्या गाडीचं इंजिन आमच्याकडं खोललंय अशी कुणीतरी टीप दिलेली म्हणे.

नऊपर्यंत वाट बघितली आणि मी ठाण्यात गेलो. कुठल्या ते लिहीत नाही, गॅरेज इथंच चालवायचंय. ठाणे अंमलदार रजिस्टरमधनं मान वर न करता म्हणाला, असा कोण नाही इथं. आणि डीबीच्या, म्हणजे गुन्हे शोधणाऱ्या पथकाच्या, खोलीच्या दारात त्याची निळी स्लीपर पडलेली, डाव्या पायाचा अंगठा तुटलेला तो त्यानं गॅरेजमधलीच क्लच वायर घालून बांधलेला, मीच हसलो होतो त्याला त्यावरनं. मी नुसतं स्लीपरकडं बोट केलं. मग म्हणाला, 'हां ते होय, ते चौकशीला बसवून ठेवलंय.' अटक केलीय का विचारलं तर, 'अटक कुठं केलीय, तुम्ही आम्हाला कायदा शिकवू नका.' त्याची आई रात्री एकपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून होती. साहेब राउंडला गेलेत एवढंच तिला ऐकायला मिळालं.

शुक्रवारी दुपारी चारला सोडलं. ते इंजिन ज्याचं होतं त्या गिऱ्हाइकानं आरसी बुक आणून दाखवलं, विषय संपला. त्यांच्यासाठी संपला. पोराच्या दोन्ही तळपायांवर पट्टा चालवलेला. पुढचे तीन आठवडे त्याला गाडीला किक मारता येत नव्हती, गिऱ्हाइकाला म्हणायचा तुम्हीच मारा, मी ॲक्सिलेटर धरतो. डॉक्टरला त्यानं जिन्यावरनं पडलो म्हणून सांगितलं आणि डॉक्टरनं पण तेच लिहिलं. जिन्यावरनं पडून तळपाय सुजतात होय?

आता यातली गंमत बघा. गुरुवारी साडेसात ते शुक्रवारी चार म्हणजे साडेवीस तास झाले, अटक केल्यावर चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं हजर करायचा नियम मोडला म्हणायला पण जागा नाही आणि मुळात अटकच नाही म्हटल्यावर घड्याळ सुरूच होत नाही. अटक दाखवली तर वेळ-तारखेसकट पंचनामा पाहिजे, त्यावर घरच्या नाहीतर गल्लीतल्या माणसाची सही पाहिजे, नातेवाइकाला कळवलं पाहिजे, वैद्यकीय तपासणी पाहिजे, वकिलाला भेटू दिलं पाहिजे. हे सगळं सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्येच डी. के. बसू केसमध्ये सांगितलंय आणि १ जुलै २०२४ पासनं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी जी नवी नागरिक सुरक्षा संहिता आली तिच्यातसुद्धा आहे. नुसतं चौकशीला बोलवायचं असेल तर कलम ३५ खाली लेखी नोटीस द्यायची असते. पण 'बसवून ठेवलंय' याला कुठलं कलम आहे? कुठल्याच रजिस्टरमध्ये तो शब्द नाही आणि जिल्ह्यातल्या पोराबाळांना मार बसतो तो सगळा त्याच शब्दात बसतो. (याच प्रकरणात शेजारच्या ६६ वर्षांच्या दुकानदाराला पण साक्षीसाठी दोनदा हेलपाटे घालायला लावले. ६० च्या वरच्या पुरुषाला आणि कुठल्याही बाईला त्यांची तयारी नसताना साक्षीसाठी ठाण्यात बोलवता येत नाही, घरी जाऊन विचारायचं असतं, हे त्यांना मी नंतर वाचून दाखवलं तर बिचारे म्हणाले, आता कशाला सांगतोस.)

आणि त्या कबुलीचं तरी काय मोल आहे? पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात पुरावा धरत नाहीत, इंग्रजांच्या पुरावा कायद्यात पण धरत नव्हते, आता नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये पण तेच आहे. त्यातनं मुद्देमाल निघाला तर तेवढा भाग चालतो, बाकी शून्य. मग ती कबुली उपयोगी कुणाला पडते, तर दुसऱ्या दिवशीच्या बातमीला. साहेब, तुम्हाला टोचण्यासाठी लिहीत नाही, पण खरंच ते वाक्य छापताना कधी कुणी विचारलंय का की खाक्या म्हणजे काय दाखवला?

सांगलीकरांना तर हे नवीन नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात इथं शहर पोलीस ठाण्याच्या कोठडीत एक तरुण मेला, त्याचं प्रेत आंबोलीला नेऊन जाळलं आणि घरच्यांना सांगितलं काय तर आरोपी पळून गेला. पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला, लोक रस्त्यावर उतरले, तुम्हीच पानं भरभरून छापलंत. तेव्हा वाटलं होतं की आता निदान आपल्या जिल्ह्यात तरी कुणी हात उचलताना चारदा विचार करेल.

मी काय केलं ते सांगतो. सुप्रीम कोर्टाचा २ डिसेंबर २०२० चा निकाल आहे, परमवीर सिंग सैनी केस. प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही पाहिजे, गेटवर, लॉकअपमध्ये, व्हरांड्यात, इन्स्पेक्टरच्या खोलीत, आवाजासकट आणि रात्री दिसेल असा. रेकॉर्डिंग जमलं तर १८ महिने आणि काही झालं तरी एक वर्षाच्या खाली नाही. आणि कॅमेरे चालू ठेवायची जबाबदारी ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याची, कुठल्या ठेकेदाराची नाही. म्हणून मी नवव्या दिवशी दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात त्या साडेवीस तासांचं फुटेज आणि स्टेशन डायरीची नक्कल मागितली. उत्तर एकोणतिसाव्या दिवशी आलं, मुदतीच्या आतच दिलं बघा, त्याबाबत तक्रार नाही. फुटेज १५ दिवसच राहतं, त्यामुळं 'उपलब्ध नाही'. म्हणजे मी अर्ज दिला तेव्हा ते होतं आणि उत्तर टाइप करेपर्यंत ते पुसलं गेलं. डायरीत त्या पोराचं नाव नाही. 'आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात' हा बोर्ड तेवढा दारात मोठ्या अक्षरात आहे.

कुणीतरी म्हणालं पोलीस तक्रार प्राधिकरणाकडं जा. २००६ च्या प्रकाश सिंग निकालात कोर्टानं जिल्ह्या-जिल्ह्याला असं प्राधिकरण करा म्हणून सांगितलेलं, आपल्या सरकारनं २०१४ च्या कायद्यात ते विभागावर नेऊन ठेवलं, म्हणजे सांगली-साताऱ्याच्या माणसानं पुण्याकडं बघायचं. पोरगं म्हणतं मालक सोडा आता, परत उचलतील. त्याचं पण चुकत नाही. दिवसाला पाचशे रुपये मिळवणाऱ्यानं तारखांना पुण्याला जायचं म्हणजे मार परवडला.

सगळे पोलीस असलेच असतात असं मी म्हणत नाही. आमच्या गल्लीत एक हवालदार राहतात, गणपतीच्या बंदोबस्तात सलग उभं राहून पायाच्या नसा फुगलेल्या, रजा मागितली की नकार. त्यांनीच मला अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं, नाव कुठं येऊ देऊ नका म्हणाले.

त्याच २०२० च्या निकालात कॅमेऱ्यांवर देखरेखीसाठी जिल्हा समिती सांगितलीय, विभागीय आयुक्त, कलेक्टर, एसपी आणि महापौर नाहीतर झेडपीचे अध्यक्ष. म्हणजे निवडून आलेला माणूस त्यात आहे बघा, आपण ज्याच्या घरी गटारीचं गाऱ्हाणं घेऊन जातो तोच. ही समिती आपल्या जिल्ह्यात शेवटची कधी बसली, किती ठाण्यांतले कॅमेरे बंद सापडले, कुणाला नोटीस गेली, एवढं तुमच्या वार्ताहरानं विचारून छापावं. मी विचारलं तर कोण तू म्हणतील, तुम्हाला चहा पाजतील.

फुटेजच्या त्या उत्तरावर मी माहिती अधिकारातच पहिलं अपील केलंय. ते त्याच खात्यातल्या वरच्या साहेबांपुढं चालतं, तरी केलंय. येत्या मंगळवारी सकाळी अकराला सुनावणी आहे. पोरगं येणार नाही म्हणतंय, त्याची आई येणार आहे, ती स्लीपर घेऊन. तुमचा माणूस पाठवणार असाल तर गॅरेजवर फोन करा, न्यायला गाडी पाठवतो.

आपला वाचक,
एक गॅरेजवाला, सांगली