पाइनचे उपयोग नंतर, आधी झाड तर ओळखा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली मोबाइलवर 'जंगलात अडकलात तर पाइनच्या झाडावर कसं तगायचं' असले व्हिडिओ सारखे येतात आणि आमच्या ट्रेकिंग ग्रुपमधली पोरं ते बघून मे महिन्यात हिमाचल-उत्तराखंडला निघतात, म्हणून हे पत्र. व्हिडिओत सांगतात ते बरंचसं खरं आहे, पण झाड नेमकं कुठलं हे कोणी धड सांगत नाही आणि घोळ तिथेच होतो.

मुंबईत पाइन म्हणून आपण काय बघतो? एक म्हणजे सोसायटीच्या गेटपाशी ख्रिसमसला लाइट लावतात ते मजले पाडल्यासारख्या फांद्यांचं झाड, ते अरोकेरिया. दुसरं किहीम-केळव्याच्या किनाऱ्यावरचं सुरू, त्याची ती सुईसारखी काडी ओढून बघा, सांध्यावर टचकन सुटते. दोन्ही पाइन नाहीत. खऱ्या पाइनच्या सुया एकाच ठिकाणाहून झुबक्याने निघतात, हिमालयात दोन पाइन नेहमी दिसतात, चीड आणि कैल, त्यात चीडच्या 3, कैलच्या 5, बास एवढं मोजता आलं तरी पुरे.

हे मोजणं का महत्त्वाचं, तर त्याच डोंगरात वरच्या बाजूला थुनेर नावाचं झाड असतं, ते पाइन नाही, हिमाचलात त्याला रखाल म्हणतात. त्याची पानं चपटी, फांदीला एकेकटी लागलेली, आणि ती विषारी आहेत, थेट हृदयावर परिणाम होतो. आता कोणी हौसेने 'पाइन टी', म्हणजे पाइनच्या सुयांचा चहा, म्हणून त्याचाच काढा केला तर? आणि मुळात या चहाचं एवढं कौतुक कशाला तेही कळत नाही. सुयांमध्ये क जीवनसत्त्व असतं हे खरं, पण ते न मिळून स्कर्व्ही व्हायला आठवडे-महिने लागतात, सात दिवसांच्या ट्रेकला कोणाला होणारे? सॅकमध्ये चार लिंबं टाका. फिनलंडमध्ये 1866-68 च्या दुष्काळात लोकांनी पाइनच्या आतल्या सालीचं पीठ मिसळून पाव केले, ती खरी उपासमार होती, आपल्यासोबत थेपले असतात.

खरा उपयोग आहे तो आगीसाठी. चीडचं झाड जखम झाली की चीक सोडतं, तिकडे त्याला लिसा म्हणतात, त्यापासूनच टर्पेंटाइन आणि राळ निघते, म्हणजे पेंटर पूर्वी थिनर म्हणून वापरायचे ते अस्सल टर्पेंटाइन आणि लॅमिंग्टन रोडवर मिळणारा सोल्डरिंगचा राळेचा फ्लक्स, दोन्हीचं मूळ पाइनपर्यंत जातं. हाच चीक जुन्या खुंटात किंवा मेलेल्या फांदीच्या बुडाशी मुरतो, ते लाकूड पिवळट-नारिंगी, हाताला जड, आणि वास अगदी टर्पेंटाइनचा. गढवालात त्याला छिल्ला म्हणतात, दिवाळीत भैलो, म्हणजे पेटत्या मशाली गरगर फिरवायचा खेळ, खेळतात तो याचाच. सुरीने पातळ सालपटं काढली की वरून ओलं असलं तरी पेटतं. धूर मात्र काळाकुट्ट, भांडं घासताना रडाल. आणि प्लीज उभ्या झाडाला कोयता लावू नका, पडलेलं वापरा, तेही जिथे आग पेटवायला परवानगी असेल तिथेच. खाली सुक्या सुयांचा थर असतो, पिरूल, त्यावर तर काडीसुद्धा ओढू नका, उन्हाळ्यात तिकडचे वणवे यानेच भडकतात.

आता मुंबईत बसून पाइन हाताला लागतं ते पॅलेटचं, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी फळ्यांच्या चौकटीचं. न्हावा शेव्याला मशिनरी येते त्याची खोकी बरेचदा पाइनची असतात आणि त्याच लाकडाचं फर्निचर ओशिवऱ्याला मिळतं. घेताना शिक्का बघा, लोंबीसारखं चिन्ह आणि शेजारी अक्षरं असतात, 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. एमबीवालं शेकोटीतही नको आणि किचनमध्ये शेल्फ म्हणूनही नको. हे भंगारवाला सांगत नाही, आपणच पलटून बघायचं.

तुमच्या पुरवणीत दर एप्रिलमध्ये ट्रेकवर पान येतं, त्यात सॅक कुठली, शूज कुठले हे असतंच, यंदा चीड, कैल, देवदार आणि थुनेर यांचे शेजारी शेजारी फोटो छापा ना, रंगीत, म्हणजे पोरांना कापून सोबत नेता येतील.

आपला,
एक वाचक, गोरेगाव (पूर्व), मुंबई