बंदुकीच्या परवान्याआधी शिवार पाहावे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रानडुकरे आणि माकडे यांच्या उपद्रवाविषयी आपल्या दैनिकात जी पत्रे प्रसिद्ध होत आहेत, त्यांपैकी बऱ्याच पत्रांत शेतकऱ्यांना बंदुकीचे परवाने सढळ हाताने द्यावेत, अशी मागणी आहे. एका पत्रलेखकाने तर इंग्लंडचा दाखला देऊन, तिकडचे शेतकरी रात्री खुशाल कोल्हे मारतात आणि त्यांना कोणी जाब विचारत नाही, असे लिहिले आहे. मी मूळचा कणकवली तालुक्यातला असून नोकरीनिमित्त इंग्लंडच्या पश्चिम भागात, श्रॉपशायर परगण्यात राहतो. माझा शेजार मेंढपाळांचा आहे आणि गेल्या जानेवारीत अशाच एका रात्री मी त्यांच्याबरोबर शिवारात होतो. पत्रलेखकाच्या विधानाचा पहिला भाग खरा आहे, दुसरा मात्र नाही; आणि आपल्याकडच्या चर्चेत नेमका तो दुसरा भागच महत्त्वाचा असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

इंग्लंडमधला लाल कोल्हा हा आपल्या माळरानावरच्या खोकडाचा भाऊबंद, पण अंगाने बराच थोराड. कुत्र्यांच्या साहाय्याने त्याची शिकार करण्यावर इंग्लंड आणि वेल्समध्ये 2004 च्या कायद्याने बंदी आली. जमीनमालकाच्या परवानगीने बंदुकीने मारण्यास मात्र बाराही महिने, रात्रीसुद्धा, मुभा आहे. डोंगराळ भागात मार्च-एप्रिलमध्ये मेंढ्या वितात, म्हणून त्याआधीच्या थंडीत, रान उघडे पडलेले असते आणि कोल्ह्यांचा माजाचा काळ असल्याने नर-मादी दोघेही हिंडत असतात तेव्हा, मेंढपाळ ओळखीच्या नेमबाजाला बोलावतात. येथपर्यंत सगळे सोपे वाटते.

रायफल बाळगायची तर 1968 च्या शस्त्र कायद्यानुसार पोलिसांचे प्रमाणपत्र लागते. ते पाच वर्षांनी नव्याने घ्यावे लागते आणि ‘मला हवी’ एवढे कारण त्यासाठी पुरत नाही. कोणत्या कामासाठी, कोणत्या जमिनीवर, हे सांगावे लागते. 2021 पासून डॉक्टरांचा अहवालही द्यावा लागतो. नवख्या माणसाला सहसा मिळणारे प्रमाणपत्र हे पोलिसांनी रायफलीसाठी योग्य ठरवलेल्या जमिनींपुरतेच असते. अनुभव पाहून पुढे ती अट काढली जाते. म्हणजे प्रश्न फक्त ‘माणूस कसा आहे’ एवढाच नसतो, ‘शिवार कसे आहे’ हाही असतो. उताराची, मागे मातीचा बांध किंवा टेकडी असलेली जमीन चालते. सपाट, मधून पायवाट गेलेली आणि पलीकडे घरे असलेली जमीन चालेलच असे नाही.

आमच्याबरोबरचा नेमबाज दिवसा ट्रॅक्टर दुरुस्तीचे काम करणारा गृहस्थ होता. त्याने दुपारी उजेडातच सगळे रान पायाखाली घातले होते आणि कुठल्या कुंपणापलीकडे शेजाऱ्याची गुरे आहेत, कोणत्या बाजूला घराचा दिवा दिसतो, सार्वजनिक पायवाट कुठून जाते, हे मालकाबरोबर ताडून पाहिले होते. रात्री निघण्यापूर्वी त्याने पोलिसांना फोन करून कळवले. कायद्याने ते बंधनकारक नाही, पण अनेकजण ही रीत पाळतात. जमीन गोठून खडखडीत झाली होती आणि बोटे हातमोज्यांतही बधिर होत होती. पूर्वी हे काम मोठ्या बॅटरीच्या झोताने, चमकणाऱ्या डोळ्यांच्या अंदाजाने चाले. आता शरीराची उष्णता टिपणारी दुर्बीण आली आहे. तिच्यातून गाभण मेंढ्या पांढऱ्या गोळ्यांसारख्या दिसतात, ससा कुबड काढून बसलेला कळतो. पण दूरवरचा ठिपका कोल्ह्याचा, शेजारच्या कुत्र्याचा, मांजराचा की बिजूचा (इंग्रजीत बॅजर), हे त्या क्षणी छातीठोकपणे सांगता येत नाही. बिजूला तेथे 1992 च्या स्वतंत्र कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा तेथे चूक झाली तर प्रकरण न्यायालयात जाते.

बराच वेळ आम्ही नुसते उभे होतो. नेमबाज हाताच्या पाठीला ओठ लावून संकटात सापडलेल्या सशासारखा चिरका आवाज काढत होता. शेवटी एक कोल्हा खरोखरच आला आणि शेताच्या माथ्यावर, आभाळाच्या पार्श्वभूमीवर, स्पष्ट उभा राहिला. अंतर जेमतेम शंभर पावलांचे, तिकाटण्यावर टेकवलेली रायफल तयार. आणि तरीही त्याने गोळी झाडली नाही. मी कानात विचारले तेव्हा त्याने दुर्बीण बाजूला न करता एवढेच सांगितले की कोल्ह्याच्या मागे माती नाही. अशा रायफलीची गोळी सेकंदाला सुमारे एक किलोमीटर वेगाने सुटते. ती कोल्ह्याला लागली तरी आरपार जाऊ शकते आणि हुकली तर माथ्यापलीकडे कोठे पडेल, हे कोणीच सांगू शकत नाही. कोल्हा निघून गेला. मालकाची थोडी चुळबुळ झाली, पण त्यानेही आग्रह धरला नाही. पुढे कुंपणाच्या कडेने खाली उतरताना एक मादी मागे चढण असलेल्या जागी थांबली, तेव्हा एकच गोळी सुटली आणि ती जागच्या जागी पडली. तो प्रसंग मला सुखद वाटला असे म्हणणार नाही. परंतु जी गोळी झाडली गेली नाही, तिनेच माझ्या मनात अधिक घर केले.

आता आपल्याकडे पाहू. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे आणि कोकणात अशा परवान्याच्या बंदुका जुन्या घरांत वडिलोपार्जित भांड्यांसारख्या चालत आल्या आहेत. निवडणुका आल्या की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात, नंतर परत मिळतात, परवान्याचे नूतनीकरण होते. परंतु ती बंदूक ज्या काजूच्या बागेत किंवा भातखाचरात वापरली जाणार, ती जागा कोणी पाहिली आहे, असे आमच्या पंचक्रोशीत तरी मी ऐकलेले नाही. 2016 च्या शस्त्र नियमांत सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे, जी इंग्लंडमध्ये सक्तीची परीक्षा म्हणून नाहीच. तेव्हा कागदावर आपण मागे आहोत असे नाही. कागद शिवारापर्यंत पोचत नाही, ही अडचण आहे. आणि मग रात्री पाच-सहाजण रान उठवायला निघतात, झुडूप हलते, कोणीतरी चाप ओढतो आणि रानडुक्कर समजून सोबत्यालाच गोळी लागल्याची बातमी आपण वाचतो. अशा बातम्या इतक्यांदा आल्या आहेत की त्यांना अपघात म्हणणेही आता कठीण वाटते. माणूस ओळखला नाही, मागे काय आहे ते पाहिले नाही, एवढेच त्यांमागचे कारण असते.

शेतकऱ्याचा त्रास मी नाकारत नाही. वर्षभराचा कंदपिकाचा वाफा डुकरे एका रात्रीत उलथून टाकतात, हे आमच्या घरानेही पाहिले आहे. पंचनाम्याला कोणी येईपर्यंत तेथे दाखवायलाही काही उरत नाही. त्यातून हताश झालेले लोक कुंपणात थेट वीज सोडतात किंवा गावठी बॉम्ब पेरतात, आणि त्यांत गुरे व माणसेही मरतात. त्यांपेक्षा, कायद्याने परवानगी मिळालेल्या प्रकरणी, जाणत्या नेमबाजाची एक गोळी निःसंशय बरी. केरळने 2022 मध्ये उपद्रवी रानडुकरे मारण्याचे आदेश देण्याचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना दिले, आणि गोळी कोणी झाडायची हे तेथे परवानाधारकांतूनच ठरते. हा मार्ग आपल्याकडेही विचारात घेण्याजोगा आहे.

मात्र मारल्याने प्रश्न मिटतो, या समजुतीबाबत थोडी सावधगिरी हवी. इंग्लंडमध्ये रिकाम्या झालेल्या हद्दीत शेजारचा कोल्हा लवकरच येतो, म्हणून मेंढपाळ दरवर्षी नेमबाजाला बोलावतात. आणि कोकरे दगावतात ती बहुतेक थंडीने, उपासमारीने व रोगाने, हे तेही खाजगीत मान्य करतात. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना मात्र शिकारी प्राण्यांच्या नियंत्रणाचा फायदा झाल्याचे नॉर्थम्बरलँडमधल्या ऑटरबर्न येथील 2000 ते 2008 या काळातल्या प्रयोगात दिसले आहे. म्हणजे उत्तर जागेनुसार बदलते. आपल्याकडे तर रानडुकरांच्या नावाखाली काढलेल्या बंदुकीपुढे कोल्हा किंवा खोकड आले तर काय होईल, याचा विचार आधी व्हायला हवा. हे दोघेही शेतातल्या उंदरांवर जगणारे, शेतकऱ्याच्या फायद्याचे प्राणी आहेत आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे.

म्हणून सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या जिल्हाधिकाऱ्यांना माझी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे की, शेतीसंरक्षण परवाना देताना किंवा त्याचे नूतनीकरण करताना सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर त्या जागेची प्रत्यक्ष पाहणी वनरक्षक आणि पोलीस पाटील यांच्याकडून करून घ्यावी, बंदूक कोणत्या बाजूला झाडता येईल आणि कोणत्या बाजूला नाही हे परवान्यावर लिहावे, आणि रात्री रान उठवून पारध करण्यास परवानाधारकांनाही स्पष्ट मनाई करावी. मचाणावरून, एका जागी बसून, ओळखलेल्या जनावरावर गोळी झाडण्यापुरतीच परवानगी असावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. दोन कर्मचाऱ्यांची एक दुपार लागते.

आपला,
एक वाचक
श्रॉपशायर, इंग्लंड
(मूळ गाव : कणकवली तालुका, जि. सिंधुदुर्ग)