पोषण पुनर्वसन केंद्रातून घरी गेलेल्या आईला एकटे सोडू नका

माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री आणि माननीय महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

आपणा दोघांना मिळून लिहिण्याचे कारण असे, की सहा महिन्यांच्या आतील अतितीव्र कुपोषित बाळ रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे कुपोषित बालकांना दाखल करून उपचार देणाऱ्या कक्षात, असेपर्यंत आरोग्य खात्याच्या नोंदीत असते, अंगणवाडी दुसऱ्या खात्याकडे आहे, आणि घरी परतलेल्या त्याच्या आईकडे नेमके कोणी पाहायचे हे मात्र ठरलेले दिसत नाही.

मेळघाटात परिचारिका म्हणून काम करताना मी अशा अनेक माता पाहिल्या. अशक्त बाळ नीट ओढत नाही, ते ओढत नाही म्हणून आईचे दूध आटते आणि दूध आटल्याने बाळ आणखी खंगते. हे थांबवण्यासाठी वाटीतले दूध बारीक नळीने स्तनाग्रापाशी आणतात. बाळ चोखते तेव्हा त्याच्या पोटात दूध जाते आणि त्या चोखण्यानेच आईचे दूधही वाढू लागते. मग वाटीतले दूध दिवसागणिक कमी करायचे. नळी काढल्यावर बाळ अंगावरचे दूध गिळते आहे, हे कान देऊन ऐकणाऱ्या आईचा चेहरा मी विसरू शकत नाही. पण हे दूध नुकतेच परतलेले असते, आणि नेमके तेव्हाच तिला घरी जावे लागते.

घरी गेल्यावर काय होते? आशाताईंच्या नवजात बाळासाठीच्या गृहभेटी ४२व्या दिवशी संपतात, पुढची ठरलेली भेट तिसऱ्या महिन्यात आणि त्यानंतरची सहाव्या महिन्यात असते. गावातच कुपोषित बालकांना आहार देणारे ग्राम बाल विकास केंद्रही सहा महिन्यांवरील बालकांसाठीच आहे. पाठपुराव्याला पोषण पुनर्वसन केंद्रात यावे, तर एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातात. दाखल असताना मिळणारी बुडीत मजुरीची भरपाई घरी गेल्यावर बंद होते, त्यामुळे आई शेतावर जाते आणि बाळ आजीकडे, पाण्यावर आणि गुटीवर राहते. यात आईला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. अमृत आहार योजनेचे एक वेळचे गरम जेवण स्तनदा मातेला सहा महिने मिळते, पण कामावर गेलेली आई ते खायला अंगणवाडीत कशी येणार?

म्हणून विनंती आहे, की दोन्ही खात्यांनी एकत्र आदेश काढून घरी सोडल्यापासून दोन दिवसांत आशाताई किंवा परिचारिकेची गृहभेट बंधनकारक करावी. त्या भेटीत केवळ वजन न करता बाळ अंगावर पिताना पूर्ण वेळ बसून पाहावे, आणि बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत दर आठवड्याला असे जाण्याचे स्वतंत्र मानधन आशाताईंना मिळावे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत अशा बाळाची आणि आईची काळजी एकत्र घेण्यावर भर दिला आहे. बुडीत मजुरी घरी परतल्यानंतरही काही आठवडे चालू ठेवावी. दिवाळीनंतर कुटुंब कामासाठी बाहेर पडले, तर बाळाची नोंद त्या ठिकाणच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे आधीच पोहोचलेली असावी.

स्थलांतर सुरू होण्यापूर्वी हा आदेश निघावा, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, अमरावती जिल्हा