काठापासून जरा वर

नाशिक, ९ नोव्हेंबर

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

भंडारदऱ्याला पाण्याच्या अगदी काठाला टेंट लावायचे, असं तू काल फोनवर म्हणालीस. बाकी बेत छान आहे, एवढं मात्र बदल. कारणं नीट लिहून काढते, म्हणजे तुला ती बाकीच्या पाच जणींना वाचून दाखवता येतील. फोनवर तुम्ही एका वेळी तिघी बोलता.

आधी ते पाणी काय आहे ते बघ. प्रवरा रतनगडाच्या डोंगरात उगम पावते. रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळापाशी ती अजून ओढ्याएवढीच असते. तिथून शेंडी गावापर्यंतचं खोरं विल्सन धरणाने भरून टाकलंय, १९२६ सालापासून. म्हणजे आपण ज्याला तळ्याचा काठ म्हणतो तो खरा डोंगराचा उतार आहे, आणि तो काठ एका जागी राहत नाही. पावसाळा संपताना धरण भरलेलं असतं, पाणी गवताला टेकलेलं असतं. पुढे शेतीची आवर्तनं, म्हणजे कालव्याला पाळीपाळीने सोडायचं पाणी, सुटू लागली की पाणी खाली सरकतं आणि मागे गाळाचा पट्टा उघडा पडतो. डिसेंबरात तो लहान असतो, एप्रिल-मेपर्यंत चांगला रुंद होतो. वरून वाळून भेगाळलेला दिसतो, पाय ठेवला की पोटरीपर्यंत आत. हिरवळीवर टेंट आणि दोन पावलांवर पाणी, असा जो फोटो तू पाठवलास तो पावसाळा नुकता सरल्यावरचा आहे.

धरणाच्या खालच्या अंगाला नदीच्या पात्रात तर टेंट नकोच, कुणी कितीही सुंदर जागा दाखवली तरी. वीजनिर्मितीसाठी आणि आवर्तनासाठी पाणी सोडतात. आभाळ निरभ्र असतानाही पात्रातलं पाणी वाढतं.

आता थंडीचं. रात्री जमीन गार पडते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होते आणि पाण्यासारखीच उतारावरून वाहत जाऊन तळाला साठते. काठाला तिच्यात पाण्याची वाफ मिसळते. म्हणून पहाटे काठावरचे टेंट बाहेरून धुतल्यासारखे ओले असतात आणि जरा वर लावलेले त्या मानाने कोरडे. काठापासून शंभरेक पावलं लांब आणि दोन-तीन माणसांच्या उंचीएवढी वर अशी जागा धर. तेवढ्याने दृश्य कमी होत नाही, उलट पाणी जास्त दिसतं.

जागा ठरवायची ती उजेड असताना. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्यास्त होतो, पण खोऱ्यात ऊन डोंगराआड त्याच्या आधीच जातं. चारच्या आत पोहोचायचं असा हिशोब ठेव. सपाट दिसतंय म्हणून भातखाचरात टेंट लावू नका. एक तर ते कुणाचं तरी शेत असतं, विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. दुसरं, कापणीनंतर उरलेली धसकटं वाळून खिळ्यासारखी होतात आणि टेंटचा तळ फाडतात. तिसरं, बांधामुळे दव आणि ओल तिथेच अडून राहते. त्यापेक्षा मुरमाड माळाचा तुकडा बघा, किंचित उतार असलेला. झोपताना डोकं उताराच्या वरच्या बाजूला. आडवं झोपलात तर रात्रभर एकमेकींवर घरंगळाल. झाडाखाली लावायचा झाला तर वर वाळकी फांदी नाही ना आणि आग्या मोहोळ नाही ना, हे मान वर करून बघायचं. मोहोळ कड्याच्या कपारीतही असतं, आणि धूर किंवा उग्र अत्तर त्याला चालत नाही. तुझी ती बाटली घरीच ठेव.

मुरमात प्लास्टिकच्या किंवा पातळ तारेच्या खुंट्या जात नाहीत, वाकतात. लोखंडी खुंट्या घ्या आणि दोन-चार जास्तीच्या. खुंटी सरळ उभी ठोकायची नाही; तिचं डोकं टेंटपासून लांब झुकलेलं हवं, म्हणजे दोरीचा ताण तिला उपटत नाही, आणखी रोवतो. वारा नसला तरी चारही बाजूंच्या दोऱ्या ताणाच. त्याचं कारण वारा नाही, दव आहे. वरचं आवरण सैल राहिलं की ओलं होऊन आतल्या कापडाला चिकटतं, आणि जिथे चिकटतं तिथून पाणी आत येतं.

टेंटच्या आतून पाणी ठिबकलं की सगळे म्हणतात टेंट गळतोय. बहुतेक वेळा तो गळत नसतो. माणूस रात्रभरात श्वासातून आणि अंगातून पाव लिटरच्या पुढे पाणी बाहेर टाकतो, आणि ते गार कापडावर जमतं. थंडी वाजते म्हणून वरची जाळी आणि चेन घट्ट बंद केली की हमखास हेच होतं. जाळीची झडप उघडीच ठेवायची, दाराची चेन वरून वीतभर उघडी. गरम राहायचं ते पांघरुणाने. ओले टॉवेल, मोजे आत वाळत घालायचे नाहीत. भाड्याचे टेंट घेताना दुहेरी कापडाचेच माग. ‘तिघांचा’ टेंट म्हणजे दोन माणसं आणि त्यांच्या बॅगा, त्यामुळे सहा जणींना तीन टेंट. खाली प्लास्टिकचा कागद घालाल तो टेंटच्या तळापेक्षा चार बोटं लहान, कडा आत दुमडलेल्या. बाहेर डोकावणारा कागद दव गोळा करतो आणि नेमकं तुमच्या पाठीखाली नेऊन सोडतो.

तोंड पूर्वेकडे करा. सकाळचं ऊन आत आलं तर नऊपर्यंत सगळं वाळतं आणि कोरडा टेंट गुंडाळता येतो. ओला गुंडाळलात तर घरी गेल्या गेल्या सोडून वाळवा. दोन दिवसांत बुरशीचा वास धरतो, आणि मग अनामत रक्कम विसरायची.

झोपायचं सामान सगळ्या जणी चुकवतात: वर दोन रजया आणि खाली काही नाही. अंगाखाली दबलेल्या कापसातली हवा निघून जाते, त्यामुळे त्याची ऊब संपते आणि जमीन रात्रभर उष्णता ओढून घेते. तिथे पहाटे पारा दहाच्या आसपास, कधी त्याखालीही जातो. प्रत्येकीला फोमची मॅट हवीच, आठ-दहा मिलिमीटर जाडीची, तिच्यावर गोधडी. झोपायला वेगळे, दिवसभर न वापरलेले कपडे ठेवायचे, आतले सुद्धा. घामाने दमट झालेला सुती टीशर्ट रात्री अंगावर असला तर स्वेटर काही कामाचा नाही.

तारीख म्हणशील तर डिसेंबरचा पहिला किंवा दुसरा शनिवार-रविवार, शुक्रवारीच पोहोचायचं असं धरून. २५ ते ३१ नको. त्या आठवड्यात खोऱ्यात नदीचा आवाज सोडून बाकी सगळे आवाज येतात. काजवे बघायचे असतील तर ती गोष्ट मेअखेर ते जूनच्या मध्याची, तेव्हा वेगळं पत्र लिहीन.

पुण्याहून आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर आणि शेंडी. पाच तास धरा, राजूरला पेढ्यांसाठी थांबणार असाल तर साडेपाच. गाडीत डिझेल-पेट्रोल अकोल्यातच भरून घ्या. शेंडीच्या पुढे दुकानं तुरळक आणि फोनला रेंज येईलच असं नाही, म्हणून पोहोचल्याचा निरोप शेंडीतूनच कर. पुढचा सगळा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेश शुल्क भरून पावती घ्यायची आणि जपून ठेवायची. मुतखेल, रतनवाडी, पांजरे, मुरशेत, साम्रद अशा गावांतले लोक आपापल्या जागेत टेंट लावू देतात. कुठेही गाडी थांबवून उतरण्यापेक्षा असं गाव धरा. मी तुमच्या जागी रतनवाडी निवडली असती: देऊळ तिथे, रतनगडाची वाट तिथून, आणि नदी नदीसारखी दिसते ती तिथेच. ज्यांच्या जागेत उतराल त्या घरातल्या मावशींना दुपारीच सांगून ठेवा, रात्री किती जणी जेवणार. नागलीची भाकरी आयत्या वेळी सहा जणींना होत नाही.

म्हणून पहिल्या रात्रीचं तुम्हीच करा, खिचडी. सहा जणींना साडेचारशे ग्रॅम तांदूळ, दोनशे ग्रॅम मूगडाळ, दोन्ही अर्धा तास भिजवून. मीठ-मसाला-हळद घरूनच एका पुडीत मिसळून न्या, जिरं-मोहरी दुसऱ्या पुडीत. कांदे चार, बटाटे चार, तूप छोट्या डब्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे, माणशी ऐंशी ग्रॅमच्या हिशोबाने अर्धा किलो. दुपारी गडावर खायला गूळ, शेंगदाणे, दशम्या. रात्री मावशींचं पिठलं-भाकरी. रविवारी सकाळी उरलं असेल ते. चहाची पूड आणि साखर मात्र मोजू नका, दुप्पट न्या.

शेगडी ती चपटी, बाजूच्या कप्प्यात ब्युटेनचा कॅन बसणारी. सव्वादोनशे ग्रॅमचे तीन कॅन पुरतील, चौथा हाताशी ठेवा. पहाटे ज्योत बारीक होते, कॅन संपला असं वाटतं; तो संपलेला नसतो, गारठलेला असतो. गार ब्युटेनची वाफ नीट होत नाही, आणि जळताना कॅन स्वतः आणखी गार पडतो. चहाच्या आधी दहा मिनिटं अंगावरच्या जॅकेटमध्ये ठेवा. आगीजवळ धरून गरम करायचा नाही. त्या शेगडीवर मोठं पातेलं किंवा रुंद तवाही ठेवायचा नाही, त्याची कड कॅनच्या कप्प्यावर आली की उष्णता खाली परतते आणि कॅन फुटू शकतो. खिचडीचं पातेलं निवडताना नेमकं हेच विसरलं जातं. घरीच शेगडीवर ठेवून बघ. वारा अडवायला दगडांचा आडोसा करा, पण एकाच बाजूने. आणि बाहेर कितीही गारठा असो, शेगडी किंवा निखारे टेंटच्या आत नाहीत. त्या धुरात वास न येणारा विषारी वायू असतो, झोपेत कळतही नाही. यावर चर्चा नाही.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर, पिणं आणि स्वयंपाक मिळून. म्हणजे सहा जणींना चोवीस लिटर. वीस लिटरचे दोन जार शेंडीतून भरून घ्या. तळ्याचं पाणी भांडी विसळायला ठीक, प्यायला उकळल्याशिवाय नको. भांडी काठावर बसून घासायची नाहीत, पाणी बादलीत आणून वर घासा. शेकोटी करायची तर घरमालक दाखवतील तिथेच, लाकूडही त्यांच्याकडूनच विकत. हिरडा असो की कारवी, अभयारण्यातली काडीसुद्धा तोडायची नाही. झोपण्याआधी पाणी ओतून, ढवळून, पालथ्या हाताने चाचपून बघा.

शनिवारचा दिवस एकाच गोष्टीसाठी ठेवा. रतनगड आणि सांधण दरी दोन्ही एका दिवसात करायचं तुझ्या त्या यादीत आहे. दोन्ही अर्धवट होतील. पहिल्या खेपेला रतनगड करा. सातला निघा, चढायला तीन तास धरा. सुरुवातीची वाट जंगलातून नदीच्या ओढ्याला सोबत घेऊन जाते, शेवटी लोखंडी शिड्या आहेत. सुट्टीच्या दिवशी शिड्यांवर रांग लागते, म्हणून लवकर निघायचं. एका वेळी एकीने चढायचं, तोंड कड्याकडे, फोन खिशात. वर नेढ्यात, म्हणजे कड्याला आरपार पडलेल्या भोकात, बसलात की खाली खोरं दिसेल. सांधण पुढच्या वेळी. तिथे घळीत ऊन फारसं पोहोचत नाही, डिसेंबरात वाटेतल्या डोहात कमरेपर्यंत गार पाणी असू शकतं, आणि वरून माकडं दगड ढकलतात.

बूट रात्री टेंटच्या आत, तोंडावर मोजे कोंबून. सकाळी तरी झटकूनच घालायचे, विंचवाला उबदार जागा आवडते. अंधारात बॅटरीशिवाय दहा पावलंही नाही, फुरसं हा विषारी साप पायवाटेवर बसतो आणि दिसत नाही. काही चावलंच तर चिरायचं नाही, घट्ट बांधायचं नाही, पाय हलू न देता राजूरच्या ग्रामीण रुग्णालयात. वेळ घालवायचा नाही. १०८ ला फोन लागला तर उत्तम, नाहीतर घरमालकाची जीप. ती रात्री उपलब्ध आहे का, हे पोहोचल्यावर पहिल्यांदा विचार. खाण्याचं सामान टेंटमध्ये नको, गाडीत. बिबट्यापेक्षा कुत्री आणि उंदीर जास्त त्रास देतात.

संडासाची सोय घरमालकाकडे आहे का ते फोनवरच विचारून घे. नसली तर छोटं खुरपं, वीतभर खोल खड्डा, पाण्यापासून शंभर पावलं लांब. पॅड मात्र पुरायचे नाहीत, जाड पिशवीत बांधून परत आणायचे.

पोहायचा विषय निघेल, निघतोच. काठाशी गाळ, पुढे एकदम खोल, पाणी गार. कुणाला कितीही पोहता येत असलं तरी तळ्यात उतरायचं नाही. देवळाच्या पुष्करणीतही नाही.

भाड्याचे टेंट आदल्या शनिवारी गच्चीवर लावून बघा आणि खुंट्या मोजा. मॅट तीन कमी पडतात म्हणालीस ना, त्या तिकडेच घ्या. निळी गोधडी आणि हिरवी, दोन्ही मी उन्हात टाकल्या आहेत. बाबा येत्या रविवारी पुण्याला येतायत, त्यांच्याबरोबर पाठवते. लोखंडी खुंट्याही माळ्यावर बारा निघाल्या, त्यातल्या दोन वाकड्या आहेत.

तुझी,
आई