धाकट्याला पाठवण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र पोचलं. धाकट्याला ख्रिस्ती निवासी व्यसनमुक्ती केंद्रात ठेवावं का, हे तू मला विचारावंस? देवाचं नाव काढलं की नाक मुरडणारा तू! वर खोचून विचारतोस, मला नेमकं कोणी सोडवलं, येशूने की गोळ्यांनी? दोघांनी, एवढंच म्हटलं तर तुला ती पळवाट वाटेल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शरीराचं. गर्द, म्हणजे हेरॉईन, ओढायचं थांबलं की अर्ध्या दिवसाच्या आतच टर्की लागते, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास सुरू होतो. जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, मग उलट्या, जुलाब, हाडं ठणकणं. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. आठवड्याभरात बरंचसं ओसरतं, पण झोप त्यानंतरही कित्येक दिवस रुसलेलीच असते. मी अशाच एका केंद्रात होतो, तिथे आमचे हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली गेले. गोळ्या घेतल्या म्हणून माझा विश्वास कच्चा, असं तिथे कोणी म्हणालं नाही.

त्यातल्याच एका रात्री पाय आपोआप झटकले जात होते. वॉर्डन पायथ्याशी बसून माझ्या पोटऱ्या दाबत होता. तोही एके काळचा गर्दुल्लाच. मला वाटलं, आता प्रवचन सुरू होणार. पण तो गप्पच. शेवटी मीच वैतागून म्हणालो, काहीतरी वाच तरी. त्याने मार्कच्या शुभवर्तमानातली आजारी मुलाच्या बापाची गोष्ट काढली. तो बाप येशूला सांगतो की माझा विश्वास आहे, आणि त्याच दमात विनवतो की माझा अविश्वास घालव. असं अर्धंमुर्धं बोलूनही त्याचं पोर बरं झालं. एवढी प्रार्थना मलाही झेपण्यासारखी होती. तीच पुटपुटत राहिलो. टर्की काही कमी झाली नाही, पण उठून पळालोही नाही.

तलफेचं विचारशील तर ती अजून येते. साक्ष देताना काहीजण सांगतात की प्रभूने हात ठेवला आणि त्या क्षणी इच्छाच मेली. त्यांना मी खोटं ठरवणार नाही, माझं मात्र तसं झालं नाही. बायबलातल्या प्रेषित पौलानेही शरीरातला काटा काढून टाक म्हणून तीनदा विनवलं होतं. काटा तसाच राहिला, कृपा पुरेशी आहे एवढंच उत्तर मिळालं. मला चमत्कारांच्या गोष्टींपेक्षा हीच जवळची वाटते.

मग विश्वासाने दिलं काय? थापा मारायची गरज संपली. आमच्यासारख्या गर्दुल्ल्यांचं खरं कसब तेच असतं, तू जवळून पाहिलंयस. तिथे रोज संध्याकाळी गोल करून बसायचं आणि आज कधी तलफ आली, काय मनात आलं, ते सगळ्यांसमोर सांगायचं. बायबलातल्या याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करा असं म्हटलंय. दारू सोडणाऱ्यांच्या, १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटाच्या बारा पायऱ्यांतल्या पाचव्या पायरीतही तेच आहे: देवापाशी, स्वतःपाशी आणि दुसऱ्या एका माणसापाशी कबुली. त्यातला देव तू वगळलास तरी त्या दुसऱ्या माणसाचं मोल तुला कळेल. बाकी दिवस म्हणजे पहाटेची प्रार्थना, संडास धुणं, बायबल, भांडी, पुन्हा प्रार्थना. भयंकर कंटाळा! पण गर्दशिवाय कंटाळा सोसता येतो, हे मला तिथेच कळलं.

ही पद्धत काही नवी नाही. डेव्हिड विल्करसन नावाचा पाळक १९५८ साली न्यूयॉर्कच्या टोळ्यांतल्या पोरांत शिरला, त्यातून टीन चॅलेंज हे ख्रिस्ती व्यसनमुक्तीचं काम उभं राहिलं. दीर्घ मुक्काम, शिस्त, काम आणि बायबल हा साचा अशा बऱ्याच केंद्रांत दिसेल. तरी साच्यावर जाऊ नकोस. डॉक्टर कधी येतात ते आधी विचार. धाकटा दारू किंवा झोपेच्या गोळ्याही घेत असेल तर ते लपवू नका, कारण त्या एकदम तोडल्या की फिट येऊन जीवही जाऊ शकतो. औषध म्हणजे अविश्वास असं शिकवणारे, घरच्यांना भेटू न देणारे किंवा मारहाणीला शिस्त म्हणणारे भेटले तर तिथूनच मागे फिर, मग भिंतीवर कितीही क्रूस लावलेले असोत.

आणखी एक, हे त्याला नीट बजाव. काही आठवडे गर्द बंद राहिलं की शरीराची सवय मोडते. बाहेर येऊन कोणी जुनीच मात्रा घेतली तर श्वास थांबतो, प्रार्थना करणाऱ्याचाही. बरेचजण असेच गेलेत. नॅलॉक्सोन नावाचं औषध अशा वेळी जीव वाचवतं. ते कुठे मिळेल, कसं द्यायचं, हे डॉक्टरांकडून आधीच समजून घे.

धाकट्याने प्रभूला ओळखावं असं मला वाटतं का? वाटतं, तुझ्यापासून काय लपवायचं. पण टर्कीत तळमळणाऱ्या पोराकडून वदवून घेतलेली कबुली मला नको, आणि मला नाही वाटत प्रभूलाही ती हवी असेल.

केंद्र बघायला जाशील तेव्हा मला बोलाव, मी येतो. डॉक्टरांशी तू बोल, तिथल्या पोरांशी मी बोलतो. ती मला खरं सांगतील. आणि हे पत्र त्याला खुशाल वाचायला दे, फक्त टर्कीचं वाचून तो पळाला तर माझ्या नावाने बोटं मोडू नकोस.

तुझाच,
मित्र