समुद्र चढला नाही, आमची जमीन खचली : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

दक्षिण अंदमानात पोर्ट ब्लेअरजवळच्या सिप्पीघाट येथील आमच्या भातशेतीविषयी केलेल्या अर्जाला गेल्या आठवड्यात उत्तर आले. समुद्राची पातळी वाढल्यामुळे जमीन तात्पुरती पाण्याखाली आहे आणि यथावकाश मोकळी होईल, असे त्यात म्हटले आहे. हेच वाक्य मला तिसऱ्यांदा मिळाले असून ते चुकीचे आहे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

26 डिसेंबर 2004 रोजीच्या भूकंपात भारतीय भूपट्टाच्या वरचे कवच सुमारे 1,300 किलोमीटर लांबीत सरकले, तेव्हा पोर्ट ब्लेअरचा परिसर जवळजवळ 1 मीटर खचला आणि ग्रेट निकोबारचे दक्षिण टोक असलेले इंदिरा पॉइंट 4 मीटरांहून अधिक खाली जाऊन तिथल्या दीपगृहाचा पाया पाण्यात गेला. उलट मध्य अंदमानच्या पश्चिमेकडचे इंटरव्ह्यू बेट वर उचलले जाऊन तिथले प्रवाळ उघडे पडून मेले. समुद्र एकच असताना तो एका बेटावर चढला आणि दुसऱ्या बेटावरून उतरला, असे आपले अधिकारी म्हणणार आहेत का? जागतिक समुद्रपातळी वर्षाला 3-4 मिलिमीटरने वाढते, म्हणजे 1 मीटरला अडीचशेहून अधिक वर्षे लागतील. आमच्या बांधावर ते पाणी एका सकाळी आले आणि राहिले.

वडील प्रत्येक अमावास्येला शेताच्या टोकाला काठी रोवून पाण्याची खूण पाहत. सहा वर्षांत ओहोटीलाही तिचा बुंधा कोरडा झाला नाही. ते गेले, तेव्हाही सरकारी दप्तरात तिथे भातशेतच लिहिलेले होते, आजही आहे.

भरतीमापक पाण्याची उंची स्वतःच्या पायाखालच्या जमिनीच्या तुलनेत सांगतो. ती जमीनच हलत असेल, तर त्याच्या जोडीला जीपीएसने जमिनीची उंची मोजत राहावे लागते, कारण मोठ्या भूकंपानंतरही ती कित्येक वर्षे हळूहळू सरकत असते. पण आपल्याकडे पाणी एक खाते मोजते, जमीन दुसरे आणि भरपाई तिसरे ठरवते, आणि तिघांचे कागद एका टेबलावर कधी येत नाहीत. नागरिकाने मात्र तिन्ही दारांत उभे राहून आपल्याच बुडालेल्या शेताचा पुरावा द्यायचा, हा अन्याय केवळ किनाऱ्यापुरता नाही.

आमची फेरमोजणी नव्या उंचीवरून करावी, गेलेली जमीन गेली म्हणून नोंदवावी आणि तिचा मोबदला द्यावा. पुढच्या उत्तरात 'तात्पुरती' हा शब्द नसावा.

आपली,
सिप्पीघाटची एक शेतकरी